मेजावरची मांडणी

शिंप्याची कात्री, सराफाचा तराजू आणि शिक्षकाचा खडू या तिन्ही वस्तूंची जागा ठरलेली असते. शिंप्याचा हात कात्रीकडे जातो तेव्हां त्याचे डोळे कापडावर असतात. कात्री शोधावी लागली कीं बेत चुकला असें समजावें. वस्तूची जागा हाताला पाठ होणें हें कोणत्याहि धंद्यांतील निम्में कौशल्य होय. आणि म्हणूनच, घरांतील कोणी हौसेनें मेज आवरून ठेविलें तर मेजाचा धनी संतुष्ट होण्याऐवजीं चिडतो. आवरलेलें मेज दिसावयास चांगलें असलें तरी तें त्याचें राहिलेलें नसतें.

संगणकाच्या पडद्यालाहि 'डेस्कटॉप' म्हणजे मेजाचा पृष्ठभाग असेंच नांव पडलें आहे. त्यावर कागद असतात, कप्पे असतात, घड्याळ असतें, टाकाऊ वस्तूंची टोपलीहि असते. मात्र या मेजावरील वस्तूंची जागा कोणीं ठरवावी, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. बहुतेक घरांतून ही जागा यंत्र विकणाऱ्या कंपनीनें ठरविलेली असते; दहा वर्षांनीं तिच्या मनांत आलें कीं ती बदलते, आणि वापरणाऱ्यानें नव्या जागा निमूटपणें पाठ कराव्या अशी अपेक्षा असते. ज्या एका व्यवस्थेंत हा प्रश्न वापरणाऱ्याच्या बाजूनें सोडविण्याचा प्रयत्न झाला, त्या लिनक्सचा रोजच्या व्यवहारांत काय अनुभव येतो, त्यांत सुख किती व श्रम किती, याचा येथें थोडक्यांत विचार करावयाचा आहे.

प्रथम पूर्वपीठिका पाहूं. १९८३ सालीं अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन यांनीं 'ग्नू' नांवाचा उपक्रम जाहीर केला. संगणकाची मूळ व्यवस्था कोणालाहि वापरतां यावी, तिची रचना वाचतां यावी, तींत बदल करतां यावा आणि बदललेली प्रत शेजाऱ्यास देतां यावी, हा त्या उपक्रमाचा हेतु होता. त्यांतून पुष्कळशीं अवजारें तयार झालीं. परंतु यंत्राशीं प्रत्यक्ष बोलणारा गाभा तेवढा सिद्ध व्हावयाचा राहिला होता. १९९१ च्या ऑगस्ट महिन्यांत, फिनलंडांतील हेलसिंकी विद्यापीठांत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानें, आपण केवळ हौसेखातर असा एक गाभा लिहीत आहों असें जगास कळविलें. १९९२ सालीं त्यानें तो ग्नूच्याच परवान्याखालीं दिला. गाभा आणि अवजारें एकत्र आलीं व संसार उभा राहिला. पुढें १९९३ सालीं डेबियन, २००४ सालीं उबुंटू, २००६ सालीं लिनक्स मिंट अशा निरनिराळ्या जुळण्या निघाल्या. धान्य तेंच, पण कोणीं त्याचें पीठ करून द्यावें, कोणीं भाकरी थापून द्यावी, असा हा भेद आहे. नवख्या माणसानें तयार भाकरीपासून आरंभ करावा हें उत्तम.

आतां या व्यवस्थेंतील मुख्य विशेष लक्षांत घेतला पाहिजे, कारण पुढील सारें त्यावर अवलंबून आहे. लिनक्समध्यें गाभा निराळा आणि दर्शनी भाग निराळा. पडद्यावर खिडक्या काढणारी 'एक्स' नांवाची योजना १९८४ सालीं अमेरिकेंतील एम्. आय्. टी. या संस्थेंत निघाली. तिनें खिडकी काढण्याचें काम आपल्याकडे घेतलें. पण त्या खिडकीला चौकट कशी असावी, ती कोठें उघडावी, बंद करण्याचें बटण डावीकडे असावें कीं उजवीकडे, हें ठरविण्याचें काम दुसऱ्या स्वतंत्र कार्यक्रमावर सोपविलें. यामुळें एकाच घरावर अनेक प्रकारचे दर्शनी भाग चढविण्याची सोय झाली. १९९६ सालीं जर्मनींत माथियास एट्रिश यांनीं 'केडीई'चा आरंभ केला. त्याच सालीं फ्रान्समधील ऑलिव्हिए फूर्दां यांचें 'एक्सएफसीई' निघालें. १९९७ सालीं मेक्सिकोचे मिगेल दे इकासा व फेदेरिको मेना यांनीं 'ग्नोम' सुरू केलें. आज एकाच यंत्रावर हीं तिन्ही ठेवून, प्रवेशाच्या वेळीं ज्याला जें रुचेल तें त्यानें निवडावें, असें करतां येतें. आजोबांना मोठ्या अक्षरांची साधी मांडणी, नातीला रंगीबेरंगी, आणि घरांतील हिशेब पाहणाऱ्या सुनेला चार कप्प्यांची. प्रत्येकाचें खातें वेगळें, प्रत्येकाचें मेज वेगळें, यंत्र मात्र एकच.

पहिल्या दिवशींचा अनुभव बहुधा सारखाच असतो. लिनक्सची जुळणी यूएसबीच्या लहानशा कांडीवर उतरवून घेतात आणि यंत्र त्या कांडीवरून सुरू करितात. या रीतीनें यंत्रांतील मूळ व्यवस्थेला हात न लावतां नवी व्यवस्था चालवून पाहतां येते. घर भाड्यानें घेण्यापूर्वीं नळाला पाणी येतें कीं नाहीं हें पाहावें, तसा हा प्रकार आहे. बिनतारी जोडणी लागते कीं नाहीं, आवाज येतो कीं नाहीं, छापयंत्र ओळखलें जातें कीं नाहीं, झांकण मिटून उघडल्यावर यंत्र झोपेंतून नीट उठतें कीं नाहीं, या चार गोष्टी तेव्हांच पाहून घ्याव्या. त्या जुळल्या, कीं मग आपले सर्व कागद व छायाचित्रें दुसऱ्या ठिकाणीं उतरवून ठेवून कायमची प्रतिष्ठापना करावी. कागद उतरवून ठेवण्याचा हा एक नियम जो पाळीत नाहीं त्यास पश्चात्तापावांचून दुसरें कांहीं हातीं लागत नाहीं.

दुसरें नवल कार्यक्रम मिळविण्याच्या पद्धतींत वाटतें. येथें एखादें अवजार हवें झाल्यास अनोळखी ठिकाणीं हिंडून तें आणावें लागत नाहीं. प्रत्येक जुळणीचें स्वतःचें कोठार असतें. त्यांतील वस्तु तपासून, शिक्का मारून ठेविलेल्या असतात. वापरणाऱ्यानें नांव सांगावें, आणि ती वस्तु तिच्या सर्व उपांगांसह घरीं यावी. नवी दुरुस्ती निघाली तर तीहि याच वाटेनें, सर्व कार्यक्रमांची एकदमच येते. व्यवस्थेच्या मुळाशीं हात घालावयाचा असेल तेव्हां मात्र परवलीचा शब्द विचारला जातो. पहिले कांहीं दिवस या विचारण्याचा कंटाळा येतो. पुढें कळतें कीं तो घराच्या उंबरठ्यासारखा आहे. उंबरठा नसला तर चालण्यास सोयीचें होईल खरें, पण मग घर कोठें संपतें आणि रस्ता कोठें सुरू होतो हें समजणार नाहीं.

यानंतर खरी मांडामांड सुरू होते. पहिल्या आठवड्यांत बहुतेक जण रंग आणि चित्रें बदलतात. त्यांत वावगें कांहीं नाहीं. नव्या बिऱ्हाडांत माणूस आधीं पडदे लावतो. परंतु खरा उपयोग लहान व नीरस वाटणाऱ्या बदलांत असतो. खालची पट्टी वर न्यावी कीं बाजूस उभी करावी. अक्षरें किती मोठीं असावीं. माऊसचा बाण किती ठळक असावा. खिडकी हलविण्यासाठीं तिच्या माथ्यावरच बोट नेण्याऐवजीं, एक कळ दाबून धरून खिडकीला कोठेंहि पकडून ओढतां यावें. एका कप्प्यांत पत्रव्यवहार, दुसऱ्यांत लेखन व तिसऱ्यांत हिशेब अशीं तीन मेजें पडद्यामागें मांडून ठेवावीं आणि कळीसरशीं एकावरून दुसऱ्यावर जावें. ज्यांची दृष्टि मंद झाली आहे त्यांच्या बाबतींत हे बदल हौसेचे नसून गरजेचे आहेत. अक्षर दीडपट केलें आणि पांढऱ्या पार्श्वभूमीचा झगझगाट कमी केला, तर जो मनुष्य दहा मिनिटांत डोळे चोळूं लागतो तो तासभर सुखानें वाचूं शकतो. असे बदल अन्य व्यवस्थांतहि कांहीं प्रमाणांत होतात. येथें फरक इतकाच कीं त्यांची सीमा विकणाऱ्याच्या मर्जीवर नसते.

मराठी लिहिणाऱ्याच्या दृष्टीनें या मांडणींत एक विशेष आस्थेचा विषय आहे, तो कळफलकाचा. भारत सरकारनें प्रमाण मानलेली इन्स्क्रिप्ट ही रचना लिनक्समध्यें अंगचीच असते. तींत स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनें उजव्या हाताला असतात. 'के' या कळीवर क, तीच कळ शिफ्टसह दाबिली तर ख. 'एन्' या कळीवर ल, आणि शिफ्टसह ळ. ज्याला बाराखडी येते त्याला ही रचना पंधरा दिवसांत साधते. शिवाय कन्नड, बंगाली, गुजराती या लिप्यांनाहि हीच जागावाटणी लागू असल्यामुळें, सोलापूर-बेळगांवकडे मराठी व कानडी या दोन्ही भाषांत लिहिणाऱ्या माणसाची बोटें एकदांच शिकून दोन्हीकडे उपयोगीं पडतात. ज्यांस ही रचना नको असेल त्यांच्यासाठीं उच्चारानुसारी रचनाहि आहे. आणि येथें मांडामांडीची एक सुरेख सोय होते. देवनागरींत मोठें अक्षर व लहान अक्षर असा भेदच नाहीं. तेव्हां मोठ्या इंग्रजी अक्षरांसाठीं राखलेली 'कॅप्स लॉक' ही कळ मराठी लेखकाला बहुधा निरुपयोगी. लिनक्समध्यें एका खुणेसरशीं त्याच कळीला मराठी व इंग्रजी यांमध्यें जा-ये करण्याचें काम देतां येतें. निरुद्योगी कळ कामाला लागते, आणि दिवसांतून पन्नास वेळां होणारी बोटांची कसरत वांचते.

शुद्धलेखनाची आवड असणाऱ्यांस आणखी एक समाधान आहे. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' या दोन शब्दांत केवढें अंतर आहे हें शाळेंत प्रत्येकाला सांगितलें जातें. एकानें विद्या द्यावी, दुसऱ्यानें पंगतीला जेवण द्यावें. मराठीचा हा डोळ्याच्या पापणीसारखा रफार अनेक ठिकाणीं उमटत नाहीं म्हणून लोक कसाबसा निभाव करून नेतात. इन्स्क्रिप्टमध्यें शिफ्टसह 'जे' दाबून ऱ, त्यापुढें 'डी' या कळीवरील हलन्ताचें चिन्ह आणि मग य, एवढें केलें कीं आचारी पुन्हां आचारी होतो. तीच गोष्ट ल आणि श या अक्षरांच्या वळणाची. मराठी वळण आणि हिंदी वळण यांत भेद आहे. कांहीं टंकांत दोन्ही वळणें ठेविलेलीं असतात, आणि मजकूर मराठी आहे असें यंत्रास सांगितलें तर तें मराठी वळण काढतें. टंक कोणता प्रथम घ्यावा हेंहि लिनक्समध्यें वापरणाऱ्यास ठरवितां येतें. रेड हॅट या कंपनीनें २००४ सालीं भारतीय लिप्यांसाठीं 'लोहित' नांवाचे टंक सर्वांना खुले करून दिले. त्यामुळें देवनागरी दिसण्याची विवंचना पुष्कळच दूर झाली. लोहित म्हणजे तांबडा; कंपनीच्या नांवांतील तांबड्या टोपीची ती संस्कृत सावली आहे. पडद्यावरच्या यादींतील शब्द मराठींत दिसतात ते मात्र स्वयंसेवकांच्या मेहनतीचें फळ होय. भाषांतर कांहीं ठिकाणीं अपुरें आहे, कांहीं ठिकाणीं अवघड झालें आहे. पण चुकीचा शब्द दिसल्यास तो सुधारून पाठविण्याचा मार्ग कोणाहि मराठी माणसास मोकळा आहे, ही गोष्ट लहान नव्हे.

मांडणीच्या या सर्व खुणा यंत्र कोठें लिहून ठेवितें, हें कळलें कीं वापरणारा पाहुणा न राहतां घरचा होतो. लिनक्समध्यें बहुतेक निवडी साध्या मजकुराच्या फाईलींत लिहिलेल्या असतात. त्या वापरणाऱ्याच्या स्वतःच्या घरांत, म्हणजे 'होम' नांवाच्या कप्प्यांत, राहतात, आणि त्यांच्या नांवाच्या आरंभीं एक टिंब असल्यामुळें एरवीं दिसत नाहींत. त्या उघडून वाचतां येतात, दुरुस्त करतां येतात. पुष्कळ फाईलींत ज्या ओळीच्या आरंभीं दोन आडव्या व दोन उभ्या रेघांचें चिन्ह असेल ती ओळ यंत्र वाचीत नाहीं. ती माणसासाठीं असते. जुन्या काळच्या कीर्दींत समासाला टीप असे, तशी येथें वापरणाऱ्यानें टीप लिहावी : हा बदल अमुक दिवशीं, अमुक कारणासाठीं केला. सहा महिन्यांनीं कारण आठवत नाहीं तेव्हां ही टीप उपयोगीं पडते. लांबलचक आज्ञा रोज लिहिण्याचा त्रास होत असेल तर तिला दोन अक्षरांचें टोपणनांव देण्याची सोयहि अशाच एका फाईलींत आहे. आणि यंत्र जुनें होऊन नवें घेतलें, तर ह्या फाईली नेल्या कीं मेजाची मांडणी बव्हंशीं मागोमाग येते.

या पद्धतीचा दुसरा लाभ बिघाडाच्या वेळीं कळतो. समजा, एखाद्या गृहस्थानें खालची पट्टी हलवितां हलवितां नाहींशीच करून टाकिली. यंत्र बिघडलें असें त्याला वाटतें. पण त्यानें एक नवें खातें उघडून त्यांतून प्रवेश करून पाहावा. तेथें पट्टी जागेवर असली तर व्यवस्था शाबूत असून दोष केवळ त्याच्या मांडणींत आहे, असें निदान ठरतें. मग मांडणीच्या त्या कप्प्याचें नांव बदलून ठेवावें आणि पुन्हां प्रवेश करावा. यंत्र नवी, मूळची मांडणी काढून देतें. कप्पा पुसूं नये, नांव तेवढें बदलावें. कारण त्यांत पूर्वीं केलेले चांगले बदलहि असतात आणि ते पुढें परत आणतां येतात. वैद्यानें औषधाआधीं निदान करावें हा नियम येथेंहि खरा आहे.

आतां ज्या प्रसंगानें मेज कोणाचें या प्रश्नाची खरी परीक्षा झाली, तो सांगितला पाहिजे. २००२ सालीं ग्नोमची दुसरी आवृत्ति निघाली. तींत वर एक पट्टी, खाली एक पट्टी, वरच्या पट्टींत डावीकडे याद्या आणि खालीं उघड्या खिडक्यांचीं नांवें, अशी रचना होती. नऊ वर्षें लोक तिच्यावर काम करीत राहिले. त्या जागा हातांना पाठ झाल्या. २०११ च्या एप्रिलमध्यें तिसरी आवृत्ति आली, आणि तींत खालची पट्टी गेली, जुनी यादी गेली, खिडकी खालीं दडविण्याचें बटणहि नेहमींच्या जागीं राहिलें नाहीं. करणाऱ्यांची बाजू विचार करण्यासारखी होती. त्यांचें म्हणणें असें कीं मनुष्याचें लक्ष एका कामावर राहावें, पडद्यावर पसारा नसावा. आणि प्रत्येक जादा बटण म्हणजे सांभाळणाऱ्यांवर एक कायमचा भार असतो. हें खोटें नाहीं. ज्यानें मोठा वाडा सांभाळला आहे त्याला ठाऊक असतें कीं प्रत्येक खोलीला झाडू लागतो. परंतु ज्यांचे हात जुन्या जागांना सरावले होते त्यांना एका रात्रींत पाहुण्यासारखें वाटूं लागलें, हेंहि तितकेंच खरें.

विकाऊ व्यवस्थेंत अशा वेळीं तक्रार करणें किंवा सोसणें हे दोनच मार्ग असतात. येथें तिसरा मार्ग होता, कारण जुन्या आवृत्तीची रचना सर्वांना खुली होती. अर्जेंटिनांतील एका वापरणाऱ्यानें त्याच वर्षीं ती जुनी रचना उचलून पुढें चालविण्यास आरंभ केला. दक्षिण अमेरिकेंत ज्या पाल्याचा काढा चहासारखा पितात त्याच्या नांवावरून तिला 'माते' म्हणूं लागले. लिनक्स मिंटच्या मंडळींनीं नव्या पायावर जुन्या वळणाचें घर बांधलें व त्याला 'सिनॅमन' म्हणजे दालचिनी हें नांव दिलें. ग्नोमनेंहि आपल्या रचनेंत बाहेरच्यांना जोडकाम करण्याची वाट ठेविली. त्या वाटेनें अनेकांनीं गेलेली पट्टी पुन्हां बसविली. उबुंटूची कथा उलट बाजूनें तीच आहे. तिनें २०११ पासून 'युनिटी' हा स्वतःचा दर्शनी भाग मुख्य केला आणि २०१७ सालीं तो सोडून देऊन ग्नोम पत्करलें. तेव्हां युनिटीला सरावलेल्यांचें मेज उचललें गेलें. पण कांहीं स्वयंसेवकांनीं तीहि रचना जिवंत ठेविली. 'ऐकावें जनाचें, करावें मनाचें' ही म्हण येथें नुसती म्हण राहिली नाहीं. तिला परवान्याचा आधार मिळाला.

या स्वातंत्र्याची किंमत पैशांत नसली तरी श्रमांत असते, आणि ती लपवून ठेवणें बरें नव्हे. बिनतारी जोडणीची एखादी चकती ओळखली जात नाहीं. चित्र काढणाऱ्या कांहीं चकत्यांना त्यांच्या कारखानदारांचा बंदिस्त चालक लागतो, आणि तो गाभ्याच्या नव्या आवृत्तीशीं रुसतो. कांहीं धंद्यांतील नामांकित कार्यक्रम लिनक्ससाठीं निघतच नाहींत. २०१० सालीं निघालेलें लिब्रऑफिस हें लेखन-हिशेबाचें साहित्य घरगुती कामास पुरेसें आहे. परंतु दुसऱ्या कार्यक्रमांत रचलेला गुंतागुंतीचा कागद त्यांत उघडला तर तक्ते व परिच्छेद कधीं कधीं सरकतात, आणि कचेरींत तोच कागद जसाच्या तसा मागितला जातो. ज्यांचा चरितार्थ अशा एखाद्या कार्यक्रमावर आहे त्यांनीं उत्साहाच्या भरांत जुनी व्यवस्था पुसून टाकूं नये. दोन्ही शेजारीं शेजारीं ठेवाव्या.

मांडामांड करणाऱ्यास आणखी एक अडचण ठाऊक असते. ग्नोमची नवी आवृत्ति दर सहा महिन्यांनीं निघते, आणि बाहेरून जोडलेलीं जोडकामें तिच्याशीं जुळवून घेईपर्यंत बंद पडतात. तसेंच, जुन्या 'एक्स' योजनेच्या जागीं २००८ पासून विकसित होत आलेली 'वेलँड' ही नवी योजना आतां मुख्य होत चालली आहे. जुन्या योजनेंत एका कार्यक्रमास दुसऱ्याच्या खिडकींत काय टंकिलें जातें तें चोरून पाहतां येत असे. नवीनें ती खिडकी बंद केली, हें सुरक्षिततेच्या दृष्टीनें योग्यच झालें. पण त्याच उघड्या खिडकींतून अनेक सोयीहि आंत येत होत्या. खिडक्या आपोआप हलविणारीं व कळा आपोआप दाबणारीं जुनीं अवजारें तेथें चालत नाहींत. म्हणून ज्यांस वारंवार धांदल नको असेल त्यांनीं दीर्घ मुदतीची आवृत्ति निवडावी. उबुंटूची अशी आवृत्ति दर दोन वर्षांनीं एप्रिलांत निघते व तिला पांच वर्षें दुरुस्त्या मिळतात. दुरुस्ती करण्यापूर्वीं व्यवस्थेची प्रत काढून ठेवणारीं अवजारेंहि आहेत. त्यांचा उपयोग करावा.

या सर्व विषयाला अलीकडे निराळेंच महत्त्व आलें आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० या आवृत्तीचा नेहमींचा आधार थांबविला. पुढील आवृत्तीला विशिष्ट सुरक्षाचकती व तुलनेनें नवें यंत्र लागतें. त्यामुळें उत्तम चालणारीं अनेक यंत्रें केवळ कागदोपत्रीं म्हातारीं ठरलीं. ज्या घरांत मुलाच्या अभ्यासासाठीं पोटाला चिमटा घेऊन यंत्र घेतलें असेल तेथें हा प्रश्न हौसेचा नाहीं. अशा यंत्रावर एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी यांसारखी हलकी मांडणी चढविली तर तें आणखी कांहीं वर्षें काम देतें. मात्र येथेंहि मर्यादा आहेत. गेल्या पिढीचीं ३२ बिटांचीं यंत्रें आतां मुख्य जुळण्यांनीं सोडून दिलीं आहेत. ऑगस्ट २०२५ मध्यें निघालेल्या डेबियन १३ मध्यें त्यांच्यावर नव्यानें प्रतिष्ठापना करण्याची सोय राहिली नाहीं. आणि मांडणी कितीहि हलकी केली तरी आजकालचीं जाळ्यावरचीं पानें स्वतःच जड असतात. स्मृति थोडी असलेलें यंत्र त्यांच्या भारानें दमतें. म्हाताऱ्या बैलाचा जूं हलका केला तरी गाडींतील धान्य तेवढेंच राहतें, हें ध्यानांत ठेवावें.

शाळांच्या बाबतींत केरळचें उदाहरण बोलकें आहे. तेथें २००१ सालीं सुरू झालेल्या 'आयटी ॲट स्कूल' या सरकारी योजनेनें शाळांतून मुक्त व्यवस्थेचा अंगीकार केला. पुढें त्या राज्यानें शाळांसाठीं स्वतःची जुळणीहि करविली. शाळेंत जें मूल शिकतें त्यानें घरीं जाऊन तेंच साधन, तशाच रूपांत, परवान्याचा पैसा न देतां वापरावें, ही गोष्ट गरीब पालकाच्या दृष्टीनें केवढी मोठी आहे हें सांगावयास नको. भारतांत सी-डॅक या सरकारी संस्थेचीहि 'बॉस' नांवाची जुळणी आहे. अशीं साधनें वापरणाऱ्या मुलाला आणखी एक शिक्षण आपोआप मिळतें : यंत्रांतील कोणतीहि गोष्ट कोणा माणसानें ठरविलेली असते, आणि म्हणून ती बदलतां येते.

शेवटीं एक सावधगिरीची सूचना. 'घर पाहावें बांधून' असें म्हणतात. पण जन्मभर घरच बांधीत राहणाऱ्याला घरांत राहावयास सवड कधीं होणार? मांडामांडीचा नाद असाच आहे. पट्टीचा रंग, खिडकीची सावली, अक्षराचें वळण यांत संध्याकाळ निघून जाते, आणि ज्या पत्रासाठीं यंत्र उघडलें तें पत्र अलिखित राहतें. यावर अनुभवी लोकांचा नियम सोपा आहे. एका वेळीं एकच बदल करावा. तो टिपून ठेवावा. आठवडाभर त्याच्यासह काम करावें. कामांत अडथळा कमी झाला तर ठेवावा, नाहीं तर काढावा. दुसऱ्याच्या मेजाचें चित्र पाहून आपलें मेज तसें करण्याच्या भरीस पडूं नये, कारण त्याचे हात व त्याचें काम निराळें असतें. चांगली मांडणी ती, कीं जी कांहीं दिवसांनीं दिसेनाशी होते.

लिनक्स फुकट मिळतें म्हणून तें घ्यावें, असें सांगणाऱ्यांचा अभाव नाहीं. परंतु फुकटपणा हा त्याचा गौण गुण आहे. आपल्या मेजावरची वस्तु कोणीं व कां हलविली हें विचारतां यावें, तिची जागा परत मिळवितां यावी, आणि दुसऱ्या कोणाला तीच अडचण आली असतां आपण शोधलेला उपाय त्याच्या हातीं देतां यावा, हा त्याचा मुख्य गुण होय. त्यासाठीं थोडें वाचावें लागतें, थोडा धीर धरावा लागतो, आणि कागद उतरवून ठेवण्याची शिस्त लावून घ्यावी लागते. ज्यांची एवढी तयारी आहे त्यांनीं घरांत अडगळींत पडलेलें एखादें जुनें यंत्र झटकून बाहेर काढावें, आणि येत्या रविवारीं त्यावर कांडी लावून पाहावी.